कुलपाखालचं हिरवं बटण

१

गुरुवारी सकाळी पावणेअकराला चिटणीसकाकांनी पाळणाघराच्या कचेरीतल्या खणातून फोन काढला, त्यातलं वॉलेट उघडलं आणि ते खुर्चीत मटकन बसले. पडद्यावर शून्य होतं.

वॉलेट म्हणजे फोनमधलं एक ॲप, पैशाचं पाकीट. आमचं पाळणाघर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना इतका अरुंद की कडेवर मूल आणि खांद्यावर पिशवी घेऊन चढलं की समोरच्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. तळमजल्यावरची जागा रिकामी होणार होती. ती घ्यायची म्हणून अडीच वर्षं आम्ही पालक, आणि दूरदेशी गेलेले जुने पालकही, त्या पाकिटात पैसे टाकत होतो. परदेशातून पाठवायला सोपं, म्हणून पाळणाघराचा कारभार बघणाऱ्या चिटणीसकाकांनीच ते ॲप निवडलं होतं. पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता. एक ते स्वतः, दुसरी ताई.

ताईबद्दल काय सांगू? एकतीस मुलं सांभाळते. कोणाला कशानं पुरळ येतं, कोण पालथं झोपतं, कोणाला झोपताना कान धरायला लागतो, सगळं तिच्या डोक्यात. माझी मुलगी सतरा महिन्यांची आहे. तिला झोपवायला मला पाऊण तास लागतो आणि शेवटी मीच पेंगते. ताई चार मिनिटांत काम फत्ते करते.

चिटणीसकाकांनी आधी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. तेवढ्यानं भागेना म्हणून साडेबाराला, मुलांना न्यायला आलेल्या पालकांसमोर, जिन्यात उभं राहून खड्या आवाजात सांगितलं, "पैसे ताईंनी काढलेत. सहा वाजेपर्यंत पैसे परत, नाहीतर राजीनामा. त्यानंतर पोलीस."

मी एक वाजता पोचले, तेव्हा ताई पाठमोरी उभी राहून वाट्या विसळत होती. स्वच्छ झालेली वाटी पुन्हा विसळत होती.

"तूही विचारणार का?" तिनं मागे न बघता म्हटलं.

"नाही," मी म्हटलं. "मी माझ्या मावशीला घेऊन येते."

२

माझी मावशी गुप्तहेर वगैरे नाही. तिचं चष्म्याचं दुकान आहे. पण तीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवून "काय दिसतं?" असं विचारलं, की माणूस कुठं बघतो आणि कुठं नुसतं बघितल्यासारखं करतो, हे कळायला लागतं. गल्लीतली भांडणं, हरवलेले दागिने, न बोलणारे नवरे, सगळं तिच्या काउंटरवर येतं. मला लहानपणापासून तिचं नवल वाटत आलंय आणि आई झाल्यापासून जास्तच, कारण माझं स्वतःचं डोकं हल्ली दुधाच्या बाटलीच्या झाकणापलीकडे चालत नाही.

तिनं दुकानाला कुलूप घातलं आणि वाटेत माझ्या कडेवरून पोरीला आपल्याकडे घेतलं. "म्हाताऱ्यांना तक्त्यावरची अक्षरं पाठ असतात, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "दिसत काही नसतं. पण धडाधड म्हणतात. खोटं बोलत नसतात गं. त्यांना खरंच वाटतं, आपण वाचतोय."

कचेरीत चिटणीसकाका फोनवर हात ठेवून बसले होते, जणू तो पळून जाईल. वाचायचा चष्मा कपाळावर ढकललेला. मावशीनं फोन मागितला. आधी काका कां-कू करू लागले.

"तुम्हीच उघडा," मावशी म्हणाली. "मी नुसती बघते."

वॉलेट सकाळपासून उघडंच होतं. काकांनी ते बंद होऊ दिलं नव्हतं. "पुरावा आहे हा," ते म्हणाले. मावशीनं शून्याकडे ओझरतं पाहिलं आणि विचारलं, "आत आलेल्या-गेलेल्या पैशांची यादी कुठं असते?"

काकांनी दाखवली. यादीच्या जागी एकच ओळ होती. 'अद्याप कोणताही व्यवहार झालेला नाही.'

मावशी त्या ओळीकडे बघत राहिली. मग उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेली. पैसे पाठवणाऱ्यांसाठी आम्ही वॉलेटचा पत्ता छापून तिथं लावला होता. अगम्य अक्षरांची लांबलचक माळ, शेवटी सात, फ, दोन, नऊ. तिनं कागद बघितला, फोन बघितला, पुन्हा कागद बघितला. फोनमधल्या पत्त्याच्या शेवटी वेगळीच अक्षरं होती.

"काका," ती म्हणाली, "चोरानं पैसे नेले तर नेल्याची नोंद राहील. ती नाही. बरं, त्यानं ती पुसली म्हणू. पण अडीच वर्षांत आलेल्या पैशांची नोंद त्यानं कशाला पुसावी? आणि पत्ता कशाला बदलावा?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे पाकीट कोणी रिकामं केलेलं नाही. यात कधी काही नव्हतंच."

३

मावशीनं एकेकाला बोलावलं. मी पोरीला खेळवत कोपऱ्यात बसले.

स्वयंपाकाच्या काकू पदराला हात पुसत आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाल्या. "मी त्या फोनला शिवलेही नाही. मला माझा फोन उचलता येत नाही, तर हा काय उचलणार? माझा नातू म्हणतो, आजी, तू फोनशी भांडतेस."

"ताईंना फोन हाताळताना पाहिलंत?"

"मंगळवारी. एका कडेवर कोणीतरी रडत होतं, दुसऱ्या हातात फोन. डोळ्यांजवळ धरून वाचत होती. मी म्हटलं, अगं ताई, सुईत दोरा ओवतेस काय?"

"पुढं?"

"पुढं काय, हसली आणि फोन खणात टाकला."

मग मोबाईल दुरुस्तीवाला आला. कोपऱ्यावरचंच दुकान, तरणाताठा माणूस, बोलताना मान खाजवायची सवय. सोमवारी फोन त्याच्याकडे गेला होता.

"मावशी, देवाशपथ, बॅटरी बदलली आणि ॲप अपडेट करून दिलं. पासवर्ड मला कोण देणार? पासवर्ड विचारणाऱ्या कुलपाच्या पडद्यापर्यंत गेलो, तो नवीन आलाय एवढं बघितलं आणि बंद केला."

"पडदा नवीन आलाय?"

"हो. रंगबिंग बदललेत. ॲपवाल्यांना स्वस्थ बसवत नाही ना."

ताई आली. हात अजून ओले होते. मावशीनं तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

"मंगळवारी एका पालकानं पैसे पाठवले होते, ते पोचले का बघितलं. पोचले होते. सगळी रक्कम जागच्या जागी होती."

"पासवर्ड किती वेळा विचारला?"

ताईला प्रश्न विचित्र वाटला असावा. "एकदाच. नेहमीसारखा."

शेवटी चिटणीसकाका. त्यांना वाटत होतं ते साक्षीदार आहेत. मावशीनंही तसंच वाटू दिलं.

"आज सकाळी तुम्ही उघडलंत, तेव्हा पासवर्ड किती वेळा विचारला?"

"दोनदा," काका समाधानानं म्हणाले. "नवीन पद्धत दिसतेय. मला आवडली. आपल्या फाटकावरचा नियम मीच केलाय ना! मूल कोणाच्याही हाती द्यायचं तर परवलीचा शब्द दोनदा विचारायचा. सख्खा बाप असला तरी दोनदा. एकदा कोणीही ठोकून देतो. हे ॲपवालेही आता शहाणे झाले म्हणायचे."

मावशीनं आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हे तिनं केलं की मला कळतं, तिला हवा तो नंबर सापडलाय.

"मोबाईलवाल्या भाऊंना परत बोलवा," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, तुमचा स्वतःचा फोन घेऊन या. त्यात हेच ॲप घाला आणि एक रिकामं वॉलेट बनवा. आणि सगळे इथंच थांबा."

४

साडेचार वाजले होते. मोबाईलवाल्यानं ॲप घातलं, पासवर्ड ठेवला आणि तो चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला. मावशीनं फोन काकूंच्या हातात दिला.

"उघडा."

"मी?"

"तुम्हीच. काही बिघडत नाही, रिकामं आहे."

मीही काकूंच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वर कुलपाचं चित्र. त्याखाली फिकट करड्या रंगाची एक रेघ, तिच्यावर त्याहून फिकट अक्षरात 'पासवर्ड'. रेघेच्या टोकाला एक बाण, तोही करडा, बंद पडल्यासारखा. आणि खाली, अंगठा सहज पोचेल तिथं, पडदाभर रुंद, कच्च्या कैरीसारखं हिरवंगार बटण. काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. बटणच दाबलं.

"का बरं?" मावशीनं विचारलं.

"दुसरं दाबण्यासारखं आहे काय त्यात? बाकी सगळं विझलेलं दिसतंय."

मावशीनं फोन मला दिला. प्रामाणिकपणे सांगते, माझाही अंगठा हिरव्यावरच गेला. मोबाईलवाल्यानं हसत हसत फोन घेतला, दाबलं आणि त्याचं हसू मावळलं. "आयला," तो पुटपुटला, आणि "सॉरी, मावशी" म्हणाला.

"आता काका तुम्ही. आज सकाळी केलंत तसंच करा."

काकांनी फोन लांब धरला. चष्मा कपाळावरच. अंगठा सरळ हिरव्या बटणावर. संमतीची एक चौकट आली, न वाचताच तिच्यात टिचकी मारली. पासवर्ड घातला. पुन्हा विचारला, पुन्हा घातला. "बघा," ते मान डोलवत म्हणाले, "दोनदा."

वॉलेट उघडलं. शून्य. 'अद्याप कोणताही व्यवहार झालेला नाही.'

मावशीनं हात लांबवून काकांच्या कपाळावरचा चष्मा हळूच त्यांच्या नाकावर उतरवला, दुकानात उतरवते तसा, आणि फोन पुन्हा कुलपाच्या पडद्यावर नेला.

"आता म्हणून दाखवू नका. वाचा."

काकांनी वाचलं. आवाज हळूहळू बसत गेला. "नवीन वॉलेट सुरू करा."

"त्याच्या खाली? मुंगीएवढं आहे ते."

"या फोनवरील... आधीचे वॉलेट... काढून टाकले जाईल."

"अडीच वर्षं त्याच जागी, त्याच हिरव्या रंगात 'उघडा' असं बटण असणार," मावशी म्हणाली. "सोमवारी ते बदललं. तुमच्या अंगठ्याला कोणी कळवलं नाही. नवं वॉलेट बनवताना पासवर्ड दोनदा घ्यावाच लागतो, चुकू नये म्हणून. दुसऱ्या कोणाला निदान शंका तरी आली असती, की आज दोनदा का? पण तुम्ही दोनदा विचारण्याचा नियम करणारे. तुम्हाला ते ओळखीचं वाटलं. पासवर्डही तुम्ही जुनाच घातलात, मग आत गेल्यावर सगळं तेच वाटणार. ज्यानं हा पडदा आखलाय ना, त्याला माझ्या खुर्चीत बसवायला हवं. उघडायचं ते विझवून ठेवलंय आणि पुसायचं ते रंगवून."

"मग ताईंनी का नाही दाबलं?" काकूंनी विचारलं.

सगळे ताईकडे वळले. ती दाराशी उभी होती.

"मला ते वेगळं वाटलं," ती म्हणाली. "मग खालचं बारीक वाचलं. पोरांच्या औषधांच्या बाटल्यांवर डोस तसल्याच अक्षरात असतो. बारीक दिसलं की मी आधी तेच वाचते."

मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं, की तसं तिनं माझ्याकडे एकदा तरी पाहावं असं मला वाटलं.

"पण मग पैसे?" काकांचा आवाज चिरकला. "ते मी पुसून टाकले?"

५

"पैसे फोनमध्ये नसतातच," मोबाईलवाला मान खाजवत म्हणाला. "फोनमध्ये असते ती फक्त किल्ली. ती गेली. पण प्रत्येक वॉलेटचे बारा शब्द असतात, मागितले की ॲप ते दाखवतं. ते बारा शब्द त्याच क्रमानं घातले, की कुठल्याही फोनवर जुनं वॉलेट परत येतं. शब्द लिहून ठेवलेत ना?"

काकांनी डोळे मिटले.

"परवलीचे शब्द कागदावर लिहायचे नाहीत," ते सावकाश म्हणाले. "हाही माझाच नियम. कागद कोणाच्याही हाती लागतो. ताईंची स्मरणशक्ती दांडगी, म्हणून त्यांना म्हटलं, तुम्ही पाठ करा. मी... मी केले नाहीत."

म्हणजे सगळी जागा, सगळा तळमजला, एकट्या ताईच्या डोक्यात होता.

मग काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्यांनी ताईकडे पाहिलं. "पण मग यांना फोनची गरजच नव्हती. कुठूनही, कधीही, या ते पैसे..."

"हो," मावशी शांतपणे म्हणाली. "अडीच वर्षं. रोज. तसं केलं असेल तर जुन्या वॉलेटमध्येही शून्य निघेल आणि नेल्याची नोंदही असेल. बघू या. ताई, सांगा."

आता ताईची नोकरी, तिचं नाव, सगळं त्या बारा शब्दांमागे होतं. मावशीनं इतरांना दाराबाहेर काढलं आणि पाळणाघराचा फोन माझ्या हातात दिला. कुलपाच्या पडद्यावर 'जुने वॉलेट परत आणा' ही ओळ शोधायला मला पूर्ण मिनिट लागलं. ती सगळ्यात खाली होती, कडेला, करडी.

ताईनं सुरुवात केली. पहिला शब्द, दुसरा, तिसरा. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. एकमेकांशी काही नातं नसलेले साधे शब्द, कोणाच्याही घरात सापडतील असे. पाचवा झाला. मग ती थांबली.

"थांबा हं," म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून. सहाव्यावर पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा तर पाचवाही निसटला. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. जिन्यात पालकांची पावलं वाजू लागली होती.

"येत नाहीयेत," ती म्हणाली. "सकाळपासून डोक्यात एकच शब्द फिरतोय."

"कोणता?" मी विचारलं.

"चोर."

मावशी तिच्या समोर उकिडवी बसली. खुर्चीत बसलेल्या घाबरलेल्या पोरांशी बोलते, तशी.

"ताई, हे शब्द तुम्ही पाठ कधी केलेत?"

"दुपारी. मुलांना झोपवताना. दुसरा वेळ कुठला? मनातल्या मनात म्हणायचे."

"उभ्यानं? की मांडी घालून?"

"मांडीवर एखादं घेऊन, थोपटत. एका थापेला एक शब्द."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. माझी पोरगी दुपारभर न झोपल्यानं किरकिरी झाली होती आणि माझ्या गळ्यातली माळ ओढत होती. मी काही न विचारता तिला ताईच्या मांडीवर दिलं.

ताईच्या हातांना काही सांगावं लागलं नाही. एक हात मानेखाली गेला, दुसरा पाठीवर. पोर आधी ताठ झाली, मग एक हुंदका देऊन सैल पडली. थाप. थाप. ताईचे डोळे अर्धे मिटले. ओठ हलू लागले. मी वाकून कान जवळ नेला आणि एका हातानं फोनमध्ये शब्द घालू लागले.

सहावा शब्द आला. थाप. सातवा आला, जणू कुठं गेलाच नव्हता. आठवा, नववा. पोरीची मूठ उघडली. दहावा. अकरावा. बारावा ती पुटपुटली तेव्हा पोरीचा श्वास संथ झाला होता.

मी 'परत आणा' दाबलं. पडद्यावर एक चाक फिरू लागलं. फिरत राहिलं. मावशीनं दार उघडून बाकीच्यांना आत घेतलं आणि काका, काकू, मोबाईलवाला, सगळे माझ्या खांद्यावरून बघू लागले.

६

चाक थांबलं. आधी पत्ता आला. शेवटी सात, फ, दोन, नऊ. मग यादी आली, अडीच वर्षांची, ओळीमागून ओळ. सगळ्या येण्याच्या ओळी. जाण्याची एकही नव्हती. सगळ्यात वर मंगळवारची. आणि रक्कम, पूर्ण.

काकूंनी तोंडावर हात घेतला. मोबाईलवाल्यानं आनंदानं टाळी वाजवायला हात वर नेले आणि मध्येच अडवले, कारण ताईनं मान वर न करता एक बोट ओठांवर ठेवलं होतं.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच लागलीय."

मग सगळं कुजबुजीत झालं. मावशी मोबाईलवाल्याला कुजबुजत बजावत होती, की आता शब्द ताईबरोबर मलाही ठाऊक झाले, तेव्हा आजच्या आज नवं वॉलेट, नवे शब्द करा, आणि यावेळी ताई आणि काका दोघांनी पाठ करायचे. काकू कुजबुजत रडत होत्या. चिटणीसकाका बराच वेळ फोनकडे बघत उभे होते. चष्मा नाकावर होता. मग गुडघ्यावर हात ठेवून ते कष्टानं खाली बसले, ताईच्या समोर, जमिनीवर.

"चुकलं माझं," ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. "ताई, फार मोठी चूक झाली. तुम्ही म्हणाल तशी माफी मागतो."

ताई थोपटत राहिली. मला वाटलं, ती आता रडेल किंवा नको नको म्हणेल, आपण बायका म्हणतो तसं. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"ते उद्या सकाळी," ती म्हणाली. "जिन्यात उभं राहून, सगळे पालक येतात तेव्हा. आणि मोठ्यानं."